बियांचा प्रवास आणि आपली पिशवी

"तेरड्याचा रंग तीन दिवस" ही म्हण आपल्या घराघरांत वडीलधाऱ्यांच्या तोंडी होती. माझी आजी ती नेहमी म्हणत असे. कोकणात गौरीच्या सणाला तेरड्याची रोपे मुळासकट आणून त्यांचीच गौर मांडतात, हेही तिनेच सांगितले. तिने कोकण कधी पाहिले नव्हते. तिच्या सासूने सांगितलेले तिने आम्हाला सांगितले. तेरडा आपल्या मॉरिशसमध्ये परसात लावला जातो. पण आजीच्या गोष्टीतला, डोंगरउतारभर पसरलेला तेरडा मी कधी पाहिला नव्हता. तो पाहिला एडिनबरात, वयाची साठी उलटल्यावर.

मुलाकडे दोन महिने राहण्यास गेले होते. एडिनबरा शहरातून वॉटर ऑफ लीथ नावाची लहानशी नदी वाहते आणि तिच्या काठाने चालण्याची सुंदर वाट आहे. भाद्रपदाचे दिवस होते. एका वळणावर पाहते तो काय, पुरुषभर उंचीची झाडे आणि त्यांवर गुलाबी-जांभळी फुले! फूल निरखले, शेंगेला बोट लावले, ती फट्‌दिशी फुटली आणि बिया उडाल्या. शंकाच उरली नाही. तेरडाच तो, फक्त आपल्यापेक्षा दुप्पट-तिप्पट उंच. डोळ्यांत पाणी आले. गौरी येण्याच्या दिवसांत परक्या देशात गौरीच भेटली असे वाटले.

चार पावले पुढे गेले तर दहा-बारा माणसे हातमोजे घालून तीच झाडे मुळासकट उपटत होती आणि ढीग रचत होती. मी विचारले तेव्हा एका बाईंनी अदबीने सांगितले, "ही इथली नाहीत. हिमालयातून आलेली आहेत. काढावी लागतात." त्यांच्या बोलण्यात काही वाईट नव्हते. तरीही ते शब्द मला लागले. हिमालयातून आलेली, इथली नाहीत, काढावी लागतात. ज्यांचे खापरपणजे जहाजात बसून दुसऱ्यांच्या बेटावर आले, त्यांना असे शब्द सहज ऐकता येत नाहीत.

मी रागाने मूठभर बिया रुमालात बांधल्या. म्हटले, तुम्हाला नको असेल तर आम्ही नेतो, आमच्या अंगणात लावतो. मुलगा म्हणाला, "आई, त्या बिया नेऊ नकोस. विमानतळावरचा नियम राहू दे, पण आपल्या बेटासाठी तरी नेऊ नकोस." त्या दिवशी मी त्याच्याशी धड बोलले नाही. मात्र पुढचे काही आठवडे याच एका प्रश्नाचा विचार केला, वाचले, विचारले. त्यातून जे मत झाले ते आज आपल्यासमोर ठेवते.

पहिली गोष्ट ही की झाडे आणि जनावरे प्रवास करतात, आणि मूळचे असे या जगात फार थोडे आहे. खुद्द एडिनबराचेच पाहा. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी हा सारा प्रदेश बर्फाखाली गाडलेला होता. किल्ला ज्या कातळावर उभा आहे त्याच्या मागची लांब उतरंड, जिच्यावर आज जुन्या शहराचा मुख्य रस्ता आहे, ती त्या सरकत्या बर्फानेच घडवली. बर्फाखाली झाड कुठले आणि पाखरू कुठले? बर्फ वितळल्यावर दक्षिणेकडून सारे हळूहळू आले. बर्चच्या हलक्या बिया वाऱ्यावर आल्या. ओकची जड फळे पाखरांनी चोचीत धरून आणली, जमिनीत पुरली आणि काही विसरली. त्या विसरलेल्या फळांची वने झाली. त्या काळी ब्रिटन युरोपशी जमिनीने जोडलेले होते. सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी समुद्राने ती वाट बुडवली. म्हणजे आज स्कॉटलंडचे लोक ज्याला आपले रान म्हणतात, ते सगळे उपऱ्यांचेच आहे.

आपले बेट तर त्याहून स्पष्ट उदाहरण आहे. मॉरिशस कोणत्याही खंडाचा तुटलेला तुकडा नव्हे. सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून ते समुद्रावर आले तेव्हा उघडा काळा खडक होता. तिथे जे काही उगवले, उडाले वा सरपटले ते सारे पाण्यावरून आले. डोडोचे पूर्वज आशियाच्या बाजूने उडत आलेली कबुतरे होती. निकोबार बेटांवरचे कबूतर आजही त्यांचे जवळचे नातेवाईक आहे. आपली प्रचंड कासवे तरंगत आली असावीत. यात आश्चर्य नाही. २००४ साली अल्दाब्राचे एक मोठे कासव टांझानियाच्या किनाऱ्यावर चालत वर आले, आणि त्याच्या पायांवर समुद्रातले बार्नेकल वाढलेले होते. इतका काळ ते पाण्यात होते!

हा समुद्रप्रवास मोजून पाहणारा माणूस एडिनबराशीही जोडलेला आहे आणि आपल्याशीही. चार्ल्स डार्विन १८२५ ते १८२७ या काळात एडिनबरा विद्यापीठात वैद्यकी शिकत होता. वैद्यकीत त्याचे मन रमले नाही, पण पक्ष्यांच्या कातड्यात भुसा भरून ते टिकवण्याची विद्या त्याने याच शहरात घेतली. ती शिकवणारे जॉन एडमन्स्टन हे गयानातून आलेले, गुलामीतून मुक्त झालेले कृष्णवर्णी गृहस्थ होते. पुढे बीगल जहाजावरून परतीच्या वाटेवर डार्विन १८३६ च्या एप्रिलअखेरीस आपल्या पोर्ट लुईस बंदरात उतरला, ले पूस डोंगर चढून गेला आणि रस्त्यांवर काम करणारे हिंदुस्थानी कैदीही त्याने पाहिले.

घरी गेल्यावर त्याने एक साधा प्रयोग केला. खाऱ्या पाण्याच्या बरण्यांत बिया भिजत घातल्या. ८७ प्रकारच्या बियांपैकी ६४ प्रकार २८ दिवसांनंतरही रुजले. काही तर १३७ दिवसांनंतरही. मग प्रवाहाचा वेग हवा होता. तो त्याने एडिनबराच्याच जॉन्स्टन यांच्या नकाशासंग्रहातून घेतला: दिवसाला सरासरी ३३ मैल. अठ्ठावीस दिवसांचे ९२४ मैल झाले. एका तळ्यातला न्याहारीच्या पेल्यात मावेल एवढा चिखल त्याने सहा महिने झाकून ठेवला, तर त्यातून ५३७ रोपे उगवली. पाणपक्ष्यांच्या पायांना असा चिखल लागतो आणि ते समुद्र ओलांडतात. बीज देशोदेशी कसे जाते याचे उत्तर बरणीत आणि पेल्यात सापडले.

मग माझा राग बरोबरच होता की! सगळेच बाहेरून आलेले, तर तेरड्यानेच काय पाप केले?

इथेच दुसरी गोष्ट लक्षात घ्यावी लागते. निसर्ग पाहुणे आणतो, पण फार सावकाश आणि फार थोडे. हजारो वर्षांत एखादे नवे बीज बेटावर टिकते. त्याच्यामागून कधीतरी त्याला खाणारा किडा येतो, त्याच्याशी जमवून घेणारे पाखरू घडते. घराला नव्या माणसाची सवय होण्यास वेळ मिळतो. माणूस मात्र शंभर पाहुणे एका दिवसात आणतो, आणि त्यांचे शत्रू मागे ठेवून आणतो.

एडिनबराच्या नदीवरचा तो उंच तेरडा पाहा. त्याचे शास्त्रीय वर्णन करणारे डॉ. जॉन फोर्ब्स रॉयल कानपुरात जन्मले, एडिनबराच्या शाळेत शिकले आणि पुढे सहारनपूरच्या बागेचे प्रमुख झाले. १८३९ साली या झाडाचे बी ब्रिटनमध्ये आले, ते केवळ शोभेसाठी. हिमालयात त्याला कुरतडणारे किडे आहेत, त्यावर पडणारा तांबेरा आहे, शेजारची दांडगी झुडपे आहेत. इथे यांतले काही नव्हते. एका झाडाला सुमारे आठशे बिया, शेंग फुटली की बी वीस फुटांपर्यंत उडते, आणि खाली वाहते पाणी. नदीच मग पेरणी करते. उन्हाळ्यात त्याच्या सावलीत दुसरे काही वाढत नाही. थंडीत ते स्वतः मरते, तेव्हा काठ उघडा पडतो आणि पावसाच्या पुराबरोबर माती वाहून जाते. त्या बाई नदीचा काठ वाचवत होत्या. माझ्या आजीच्या गौरीशी त्यांचे काही भांडण नव्हते. पुढे २०१४ पासून हिमालयातला तांबेराच ब्रिटनमध्ये सोडून हे झाड आवरण्याचे प्रयत्न सुरू झाले. माहेरचाच धाक तिथे पाठवला म्हणा ना!

एडिनबराजवळची दुसरी हकीकत आपण बेटवाल्यांनी तर जरूर ऐकावी. शहराच्या पूर्वेस नॉर्थ बेरिक गावासमोर समुद्रात क्रेगलीथ नावाचे चिमुकले बेट आहे. तिथे पफिन नावाचे रंगीत चोचीचे समुद्रपक्षी जमिनीत बिळे करून अंडी घालतात. १९९९ मध्ये तिथे सुमारे २८,००० जोड्या होत्या. थोड्याच वर्षांत त्या काही हजारांवर आल्या. कारण होते एक झाड. आपल्या भेंडी-जास्वंदाच्या कुळातले, पुरुषभर वाढणारे हे झाड दक्षिणेकडच्या उबदार किनाऱ्यांवरचे. शेजारच्या बास रॉकवर पूर्वीच्या काळी शिबंदीच्या लोकांनी औषधी म्हणून ते लावल्याचे सांगतात. तिथून ते क्रेगलीथवर गेले. बराच काळ ससे त्याचे कोंब खाऊन ते आटोक्यात ठेवत. १९५० च्या दशकात सशांत साथ आली, ससे गेले, हिवाळेही सौम्य होत गेले आणि झाडाने बेट व्यापले. पफिनांच्या बिळांची तोंडेच बंद झाली. २००७ पासून स्वयंसेवक होड्यांनी जाऊन ती झाडे तोडत आहेत, आणि पाखरांना जागा मोकळी झाली आहे.

यात खलनायक कोण? झाड नव्हे. औषधासाठी बी लावणारा तो शिपाईही दुष्ट नव्हता. त्याने मूठभर बी लावले, आणि त्याची किंमत तीनशे वर्षांनी आलेल्या पाखरांनी मोजली. मला माझा रुमाल आठवला.

आता आपल्या बेटाकडे वळू. १६३८ मध्ये डच येऊन राहिले, आणि पुढच्याच वर्षी जावाहून ऊस व हरणे आली. उंदीर, डुकरे, माकडे यांनी जमिनीवरची अंडी खाल्ली. १६६२ नंतर डोडो दिसल्याची खात्रीलायक नोंद नाही. हिंदुस्थानातून साळुंकी टोळ खाण्यासाठी आणली, तिला आपण मार्तें म्हणतो. शिपाई बुलबुल १८९२ च्या सुमारास आला, तो आपला कोंदे. दोघेही फळे खातात आणि बी रानोमाळ टाकतात. आज बेटावर चांगल्या स्थितीतले मूळ रान दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. त्या उरलेल्या रानाचा गळा आवळणाऱ्यांत अग्रभागी कोण? आपले सर्वांचे लाडके गोयाव दे शीन!

हे लिहिताना मला संकोच वाटतो. प्लेन शांपाञकडे मुलाबाळांना घेऊन, डबे भरून, मीठ-मिरची लावून आंबटगोड पेरू खाण्यास आपण सारे जातो. मीही जाते. ब्राझीलकडचे हे झाड आहे. माकडे, डुकरे आणि पाखरे त्याचे बी रानात पेरतात आणि त्याची दाट जाळी एबनीच्या कोवळ्या रोपाला वर येऊ देत नाही. खाण्यात दोष नाही. उलट जितके खाऊ तितके बरे. पण ते "आपले रान" नव्हे, एवढे मुलांना सांगितले पाहिजे.

कोणी म्हणेल, बाई, मग ऊसही उपटा, आंबा-लिचीही तोडा, आणि आपणही बोटीत बसून परत जावे काय? हा आक्षेप पोकळ नाही. माझ्याच मनात तो प्रथम आला होता. त्याला माझे उत्तर असे आहे.

झाडाचा न्याय त्याच्या गावावरून करू नये, वागण्यावरून करावा. ऊस शेतात राहतो. तो डोंगरावर पळत नाही. आंबा अंगणात सावली देतो. तुळस, झेंडू, जास्वंद आपल्या देवाजवळ राहतात. बाहेरून आलेली बहुतेक झाडे अशीच गुणी असतात. थोडी मात्र कुंपण ओलांडतात, आणि त्या थोड्यांचीच भीती. उलट बाजूचे उदाहरणही घ्या. आपली मूळची कासवे नाहीशी झाली, तेव्हा ईल ओ एग्रेतवर अल्दाब्राची परकी कासवे आणून सोडली. ती एबनीची फळे खातात, बी दूर नेऊन टाकतात आणि एबनीची नवी रोपे उगवतात. परके असूनही त्यांनी घरच्याचे काम पत्करले. त्यांना कोण हाकलील?

आणि माणसाचे काय? झाडांविषयीचा "परका" हा शब्द माणसाला लावणे हा मूर्खपणा आहे, कधी कधी तो दुष्टपणाही असतो. बी शिकत नाही, बोलत नाही, शेजाऱ्याची भाषा उचलत नाही. माणूस हे सारे करतो. आपले पूर्वज स्वतःहून पसरले नाहीत. करारावर अंगठा घेऊन त्यांना आणले गेले. इथे त्यांनी घाम गाळला, देवळे बांधली, शेजाऱ्याशी क्रियोल बोलले आणि घरात मराठी जपली. म्हणून कोणी तण उपटताना दिसला तर तो आपल्याला उपटतो आहे असे मानण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. उसासाठी रान तोडण्याचा हुकूम मालकांचा होता, तरी कोयता आपल्या हातातही होता. या मातीने आपल्याला पोसले. तिचे जे उरले आहे ते राखणे हे आपलेही देणे आहे.

महाराष्ट्राकडे पाहिले तरी हाच धडा मिळतो. घाणेरीची सुंदर फुले अमेरिकेकडून बागेसाठी आली आणि आज तिने डोंगर व्यापले आहेत. गाजरगवताची नोंद पुण्यात १९५० च्या दशकात झाली. आज ते देशभर आहे आणि त्याने अंगाला खाज सुटते, दमा बळावतो. एडिनबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये, जी बाग १६७० पासून चालू आहे, पुण्याजवळच्या दापुरी बागेतल्या झाडांची दीडशेहून अधिक चित्रे जपून ठेवली आहेत. एडिनबरात शिकलेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्या बागेचे प्रमुख होते. १८४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एका हिंदुस्थानी चित्रकाराकडून ती काढून घेतली. चित्रकाराचे नाव उरलेले नाही. त्या चित्रांत आपल्या सह्याद्रीची फुले आहेत आणि दूरदेशांहून आणलेलीही आहेत, शेजारी शेजारी. त्या काळी बाग म्हणजे जगभरचे बी एकत्र आणण्याचे ठिकाण. पुढे काय होईल हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. आपल्याला ते ठाऊक आहे, म्हणून आपली जबाबदारी अधिक.

स्कॉटलंडने २०११ साली कायदाच केला. जे झाड जिथले नाही ते तिथल्या मोकळ्या रानात लावणे हा तिथे आता गुन्हा आहे. आपल्याकडेही परदेशातून बी वा रोप आणण्यास कृषी खात्याची परवानगी लागते. पण कायदा विमानतळावर उभा राहतो आणि आपण साडीच्या घडीत बी दडवतो. भारतयात्रेहून परतणाऱ्या कोणत्या घरात हे घडले नाही? कोणी पंढरपूरची तुळस आणते, कोणी रत्नागिरीची कोय आणते. भाव चांगला असतो, पण बियाबरोबर मातीचा कण येतो, कणाबरोबर किडा येतो, आणि बेटाला दुसरी भिंत नसते.

म्हणून माझी विनंती अगदी साधी आहे. यात्रेहून मूर्ती आणा, पुस्तके आणा, आजोळच्या गोष्टी आणा. बी आणू नका. हवेच असेल तर रीतसर परवान्याने आणा. घरचे शोभेचे झाड नकोसे झाले तर ते ओढ्यात वा रानाच्या कडेला टाकू नका. आणि परसात एक तरी झाड या बेटाचे लावा. आपले राष्ट्रीय फूल बूक्ल दोरेय मूळचे ले मोर्नच्या कड्यांवर उगवते. आपल्या किती मुलांनी ते पाहिले आहे? गणपतीपुढे जास्वंदाबरोबर या मातीचे एक पानही ठेवले तर देव रागावणार नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी रुमालातल्या बिया उकळत्या पाण्यात घातल्या. मुलगा पाहत होता, काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर गेले. त्या बाई तिथेच होत्या. मी त्यांचे जास्तीचे हातमोजे मागितले आणि तासभर त्यांच्याबरोबर तेरडा उपटला. पहिले रोप उपटताना मनातल्या मनात आजीची क्षमा मागितली. गौरीचे विसर्जन आपण दरवर्षी करतोच; तेही तिला तिच्या घरी परत पाठवण्यासाठीच असते.